फटफट्यांची सावड

आमच्या वऱ्हाडांत शेतकऱ्यांमध्यें सावड नांवाची एक जुनी रीत आहे. एकाच्या गोठ्यांत एक बैल असतो, शेजाऱ्याच्या गोठ्यांत दुसरा असतो. दोघे ते बैल एका जुंवाला जोडतात, आणि आज याचें शेत व उद्यां त्याचें असें करितां करितां दोघांचीही पेरणी वेळेवर उरकते. पश्चिम महाराष्ट्रांतील इर्जिक याच जातीची, परंतु थोडी निराळी. तींत सारी आळी एका दिवशीं एकाच्याच शेतांत लोटते आणि ज्याचें शेत तो सर्वांस पोटभर जेवूं घालतो. सावडींत जेवणावळ नाहीं व पैशाची देवघेवही नाहीं. तथापि ती धर्मादाय नव्हे. ज्यानें बैल दिला त्याला बैल मिळतो. ज्यानें घेतला त्याला आपली पाळी आली म्हणजे द्यावाच लागतो. विद्यार्थी मित्रहो, प्रस्तुत लेखांत आम्ही जी सावड सांगणार आहों ती बैलांची नसून मोटारसायकलींची, म्हणजे आपल्या घरगुती भाषेंत फटफट्यांची आहे. आणि ती सांगतांना आमच्या हातून घडलेला एक प्रमादही सांगावा लागणार आहे.

बुलढाणा जिल्ह्याच्या मोताळा तालुक्यांत धामणगांव बढे हें आमचें गांव. जमीन काळी, पीक कापूस, मका व सोयाबीन यांचें. आगगाडी धरावयाची तर मलकापूर गांठावें लागतें, आणि जिल्ह्याच्या कचेरींत काम निघालें तर मोताळ्यावरून राजूरचा घाट चढून बुलढाण्यास जावें लागतें. अशा मुलखांत मोटारसायकल ही चैनीची वस्तु राहिलेली नाहीं. पहांटे दुधाच्या कॅना, दुपारीं फवारणीचा पंप, हंगामांत कापसाचें गांठोडें, आणि रात्रीं अपरात्रीं दुखणाईत माणूस, इतकीं ओझीं ती वाहते. पहिल्या पावसांत काळी माती चाक व मडगार्ड यांच्यामध्यें अशी थापली जाते कीं चाक फिरेनासें होतें; त्या वेळीं इंजिन उत्तम असून उपयोग काय? तेथें काडीनें चिखल उकरून काढणारा सोबतीच पाहिजे. बैल आजारी पडला तर शेतकरी तें त्याच्या डोळ्यांवरून ओळखतो. फटफटी आजारी पडली तर तोच शेतकरी तिला चार किका अधिक मारतो, घाम पुसतो, आणि मग ढकलीत नेऊं लागतो. यांत त्याचा दोष थोडा. बैलाचें ज्ञान त्यास बापाकडून मिळालें. यंत्राचें ज्ञान त्यास कोणीं दिलें?

दर रविवारीं दुपारीं, उपासना व जेवण आटोपल्यावर, आमच्या घरापुढील कडूनिंबाखालीं सातआठ गाड्या येऊन उभ्या राहतात. या मेळाव्यास नांव नाहीं, वर्गणी नाहीं व अध्यक्षही नाहीं. तो इतकीं वर्षें टिकला याचें एक कारण, आमच्या मतें, हेंच असावें. एस. टी. च्या आगारांत आयुष्य घालवून निवृत्त झालेले एक वृद्ध गृहस्थ येतात. त्यांना लहानथोर सर्व आगारकाका म्हणतात. दूध घालणारे एक भाऊ येतात; त्यांची गाडी वर्षाचे तीनशें पांसष्टही दिवस चालते, म्हणून सारे आजार तिला सर्वांआधीं होतात व आम्हांस शिकावयास सांपडतात. अंगणवाडीवर जाणाऱ्या एक ताई आपली स्कूटर घेऊन येतात. त्या प्रथम आल्या तेव्हां एका तरुणानें त्यांच्या हातांतील पाना घेतला व म्हटलें, "राहूं द्या ताई, आम्ही करतों." ताईंनीं पाना परत मागून घेतला. "तुम्ही केलें तर पुढच्या वेळीं मला पुन्हां तुमच्याकडे यावें लागेल," असें त्या म्हणाल्या. तेव्हांपासून येथें कोणी कोणाची गाडी दुरुस्त करून देत नाहीं. ज्याची गाडी त्याचेच हात काळे व्हावेत. इतरांनीं उजेड धरावा, पाना द्यावा, आणि चुकत असेल तर सांगावें.

गांवच्या गॅरेजवाल्याच्या पोटावर आम्ही पाय देतों असा आक्षेप एकदां निघाला होता. तो खुद्द त्या मिस्त्रीनेंच खोडून काढिला. त्याचें म्हणणें असें कीं, चेन झिजवून आणि तेल आटवून गाडी आणणारा मालक पैसे देतो खरा, परंतु शिव्याही देऊन जातो. ज्याला आपल्या गाडीची नाडी समजते तो नेमकें दुखणें सांगतो, आणि काम झाल्यावर मजुरीसाठीं घासाघीस करीत नाहीं. क्लचप्लेटा बदलणें, पिस्टन काढणें, बेअरिंग बसविणें हीं कामें आम्ही त्याच्याकडेच पाठवितों. सवड असली म्हणजे तोही रविवारीं निंबाखालीं येऊन बसतो, आणि आमची फजिती पाहून मनमुराद हंसतो.

या सावडीचें मूळ आमच्या वडिलांच्या येझदींत आहे. तरुण वाचकांपैकीं पुष्कळांनीं ही गाडी पाहिली नसेल, म्हणून चार शब्द लिहितों. जावा ही मूळची चेकोस्लोव्हाकिया देशाची मोटारसायकल. यानेचेक नांवाच्या कारखानदारानें १९२९ सालीं वांडरर नांवाच्या जर्मन मोटारसायकलीचे हक्क घेतले आणि दोन्ही नांवांचीं आद्याक्षरें जोडून जावा हें नांव केलें. भारतांत म्हैसूर येथें आयडियल जावा या कंपनीनें १९६१ सालीं ती बांधावयास आरंभ केला, व पुढें त्याच वंशांतील गाड्या येझदी या नांवानें निघूं लागल्या. तिचें इंजिन दोन धावांचें, म्हणजे टू-स्ट्रोक. त्यास वंगणाचें तेल पेट्रोलांतच मिसळून द्यावें लागे. ज्या दांडीनें किक मारावयाची तीच दांडी आंत दाबून पुढें वळविली कीं गिअरची दांडी होई. सबब उसनी गाडी नेणारा नवखा मनुष्य गिअर शोधीत अंगणांतच उभा राही. आमचे वडील शाळामास्तर होते. त्यांनीं ती दुसऱ्याच्या हातची विकत घेतली होती, आणि तिचा आवाज वेशीपाशीं आला कीं आमची आई चुलीवर चहाचें आधण ठेवीत असे.

१९९६ सालीं म्हैसूरचा कारखाना बंद पडला. वडिलांची गाडी तेव्हां उत्तम चालत होती. परंतु कंपनीच नाहीं म्हटल्यावर दुकानांतील सुटे भाग हळूहळू संपले, आणि जे मिळत त्यांत नकली माल फार. आसपासच्या गांवांत येझदी बाळगणारे जे चारसहा लोक होते ते पूर्वीं एकमेकांस नमस्कारापुरतेच ओळखत असत. गरजेनें त्यांना एकत्र आणिलें. भंगारांत निघालेली एक गाडी त्यांनीं वांटणीनें विकत घेतली व सर्वांनीं मिळून ती सोडविली. तिच्या क्लचप्लेटा एकाकडे गेल्या, कार्बोरेटर दुसऱ्याकडे गेला, आणि उरलेले लहानसहान भाग आमच्या घरीं एका पत्र्याच्या पेटींत जमा झाले. पेटीबरोबर वडिलांनीं एक वही ठेविली. कोणीं काय नेलें, केव्हां नेलें व परत काय आणिलें हें तींत लिहावयाचें. किंमत मात्र लिहावयाची नाहीं. आम्हीं एकदां त्यांना विचारिलें कीं, किंमत लिहिल्याशिवाय हिशेब कसा राहील? ते म्हणाले, "किंमत लिहिली कीं लोक पैसे देऊन मोकळे होतील. पैसे घेऊन मी काय करूं? घाटांत तार तुटली तर तारच पाहिजे."

हें आमच्याच मुलखांत घडलें असें नव्हे. पुणें, बंगळूर यांसारख्या शहरांतही जावा व येझदी यांच्या मालकांनीं आपलीं मंडळें केलीं. जुलै महिन्याच्या दुसऱ्या रविवारीं हे लोक ठिकठिकाणीं आपापल्या गाड्या घेऊन एकत्र येतात. पाहणाऱ्यास ती नुसती मिरवणूक वाटते; वस्तुतः कोणाकडे कोणता भाग शिल्लक आहे, कोणत्या गल्लींतील कोणता म्हातारा मिस्त्री अजून इंजिन बांधून देतो, याची देवाणघेवही तेथें चालते. २०१८ सालीं एका निराळ्या कंपनीनें जावा हें नांव पुन्हां बाजारांत आणिलें. मधलीं बावीस वर्षें म्हैसूरचा कारखाना नव्हता, पण गाड्या रस्त्यावर होत्या; त्या नसत्या तर तें नांव विकत घेण्याजोगें राहिलें असतें कीं नाहीं याची आम्हांस शंका वाटते.

विलायतेंतील उदाहरण याहूनही पुढें जाणारें आहे. तेथें व्हिन्सेंट नांवाची मोटारसायकल होती. त्या काळांतील अत्यंत वेगवान गाड्यांत तिची गणना होत असे. तिच्या मालकांचें मंडळ १९४८ सालीं स्थापन झालें. १९५५ सालीं कंपनीनें मोटारसायकली बांधणें सोडून दिलें. मंडळ मात्र सुटलें नाहीं. १९७५ सालीं त्याच्या सभासदांनीं सुटे भाग तयार करवून घेण्यासाठीं स्वतःचीच एक कंपनी काढिली. कारखानदार निघून गेल्यावर गिऱ्हाइकांनींच कारखानदाराचें काम अंगावर घ्यावें, हें व्यापाराच्या इतिहासांत नित्य घडणारें नव्हे. आमच्या पत्र्याच्या पेटीची व त्या कंपनीची बरोबरी करूं लागलों तर वाचक हंसतील. पण गोत्र एकच आहे.

आतां मुलांनो, निंबाखालीं जें शिकविलें जातें त्यांतील थोडें येथेंच शिकून घ्या. तुमच्या घरची गाडी बाहेर उभीच असेल. प्रथम चेन. ती इंजिनाची शक्ति मागल्या चाकास पोंचविते. ती फार ताठ असेल तर बेअरिंगें खाते, फार सैल असेल तर दांत्यांवरून उडते. इंजिन बंद करून खालच्या पदराच्या मध्यावर ती बोटानें वरखालीं करून पाहावी. पुष्कळशा लहान गाड्यांत दोन ते तीन सेंटिमीटर हालचाल योग्य असते, व नेमका आंकडा गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेंत दिलेला असतो. परंतु एकाच जागीं पाहून समाधान मानूं नये. चाक हळूहळू फिरवीत चारपांच ठिकाणीं पाहावें, कारण झिजलेली चेन सर्वत्र सारखी झिजत नाहीं; एके ठिकाणीं ती सैल तर दुसऱ्या ठिकाणीं ताठ असते, आणि जेथें ती सर्वांत ताठ असेल तेथलेंच माप धरावयाचें. चेन ओढतांना आंसाच्या दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्याच रेघेवर आणाव्यात, नाहीं तर चाक तिरकें बसतें. चालू इंजिनावर चेनीला चिंधी लावून ती पुसण्याची युक्ति तुम्हांस कोणी दाखवील. तशा युक्तीनें बोटें गमावलेलीं माणसें आगारकाकांनीं पाहिलेलीं आहेत. त्यांच्यासमोर कोणी ती करूं लागला तर ते त्याचा हातच धरतात.

दुसरा प्लग. प्लग म्हणजे इंजिनाची जीभ होय. वैद्य जसा जीभ पाहून पोटांतलें ओळखतो तसा जाणता मनुष्य प्लगचें टोंक पाहून इंजिनांतलें ओळखतो. टोंक तांबूस करड्या रंगाचें असेल तर प्रकृति ठीक. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल अधिक जात आहे किंवा हवा कमी मिळत आहे. पांढरें पडलें असेल तर इंजिन प्रमाणाबाहेर तापत आहे. पेट्रोलानें ओलें असेल तर पेट्रोल पोंचतें आहे पण तें पेटत नाहीं. अशा वेळीं किका मारीत राहणें म्हणजे भिजलेल्या लांकडावर फुंकर घालीत बसणें. दूधवाल्या भाऊंच्या गाडीनें एकदां पेट्रोल फार खावयास आरंभ केला. कार्बोरेटर नवा टाकावा लागेल, असें त्यांना बाहेर कोणीं सांगितलें होतें व त्यांनीं पैशांची जुळवाजुळवही केली होती. निंबाखालीं प्लग काढिला तो काजळीनें भरलेला. मग हवेची जाळी उघडली. हंगामांत ते कापसाचीं गांठोडींही वाहत. कापसाचे तंतु व रस्त्याची धूळ यांची त्या जाळींत अशी गादी झाली होती कीं तीवर मांजर निजावें. जाळी बदलली, आणि कार्बोरेटर अजून तोच आहे.

तेलाविषयीं विशेष सांगण्याजोगें नाहीं. गाडी सपाट जागीं सरळ उभी करून तें पाहावें, आणि तें दुधाळ दिसलें तर आंत पाणी शिरलें असें समजून गाडी सुरू न करितां मिस्त्रीकडे न्यावी, एवढें पुरे. हवेकडे मात्र लोकांचें फारच दुर्लक्ष आहे. एकाच माणसापुरती भरलेली हवा ठेवून तिघे जण बसतात, आणि टायर कडेनें फाटला म्हणजे कंपनीस दोष देतात.

ब्रेकविषयीं आम्ही मुद्दामच शेवटीं लिहीत आहों.

सुमारें दहा वर्षांपूर्वींची गोष्ट. कापूस वेंचणीचे दिवस होते. आमचे एक शेजारी, ज्यांना आम्ही भाऊ म्हणतों, दिवेलागणीस गाडी ढकलीत आले. मागलें चाक पंक्चर. त्यांची आई बुलढाण्यास दवाखान्यांत होती व पहांटेच तेथें पोंचणें अवश्य होतें. गांवांतलें पंक्चरचें दुकान बंद झालेलें. आम्हीं मोठ्या उत्साहानें म्हटलें, "चला, काढूं या चाक." त्या दिवशीं रविवार नव्हता, निंबाखालीं आम्ही दोघेच होतों, आणि थोड्याच वेळांत वीजही गेली.

येथें थोडें यंत्रज्ञान सांगणें प्राप्त आहे. पुष्कळ गाड्यांच्या मागल्या चाकाचा ब्रेक एका डब्याच्या आंत असतो. ब्रेकचे जोड ज्या थाळीवर बसविलेले असतात ती थाळी चाकाबरोबर फिरूं नये म्हणून एका लोखंडी पट्टीनें ती मागच्या दांड्याशीं जखडलेली असते. पट्टीच्या टोंकाशीं एक बोल्ट, त्यावर नट, आणि नट निसटूं नये म्हणून बोल्टांतून आरपार घातलेली दोन पायांची एक पिन. तिची किंमत एका कप चहाइतकीही नसते. चाक काढतांना ही पट्टी सोडावी लागते, आणि चाक बसवितांना आधीं तीच जोडावी लागते.

आम्हीं ट्यूबला ठिगळ लाविलें, चाक चढविलें, आंस आवळला, चेन पाहिली, हवा भरली. भ्रमणध्वनीच्या दिव्यांत पट्टीचा बोल्ट घातला व नट बोटांनीं फिरवून ठेविला. पाना चेनीच्या बाजूस पडला होता, तो घेऊन मग आवळूं म्हणून. इतक्यांत भाऊ आईविषयीं बोलूं लागले. आम्ही ऐकत राहिलों. पाना कोणत्या हातीं उचलला व कोठें ठेविला हें आज आठवत नाहीं. ब्रेक दाबून पाहिला तो लागला. भाऊ आभार मानून गेले, आणि आपण एक सत्कृत्य केलें अशा समाधानांत आम्ही निजलों.

सकाळीं आमची पांच वर्षांची कन्या पायरीवर खेळत होती. ती हातांत कांहीं घेऊन आली व म्हणाली, "बाबा, ही कसली टांचणी?" ती ती पिन होती.

आम्हीं भाऊंस दूरध्वनी केला. तो वाजत राहिला. गाडीवर असलेला मनुष्य तो कसा घेणार? आम्ही आपली गाडी काढून मोताळ्याच्या वाटेला लागलों. भाऊ घाट सुखरूप चढून गेले होते. चढणीला ब्रेकचें काम पडत नाहीं. आईस भेटून ते दुपारच्या आंत परत निघाले, आणि उतारावर त्यांनीं मागला ब्रेक दाबला तेव्हां नट केव्हांच गळून गेलेला होता. मोकळी पट्टी थाळीसह फिरली, चाक जागच्या जागीं जाम झालें, व गाडी आडवी झाली. मागून एक मालमोटार येत होती. चालक सावध होता म्हणून ती थांबली. भाऊंच्या डाव्या खांद्याचें हाड मोडलें.

दवाखान्यांत आम्हीं त्यांना पिन दाखविली व चूक आमची असें सांगितलें. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मास्तर, तुम्ही नसतां तर मी पहांटे गेलोंच नसतों." हें वाक्य त्यांनीं आमच्या समाधानासाठीं उच्चारिलें कीं दुसऱ्या कशासाठीं, याचा निर्णय आम्हांस आजवर करितां आलेला नाहीं.

सहा आठवडे त्यांचा हात गळ्यांत होता, आणि शेतांत कापूस फुटून लोंबत होता. पुढल्या रविवारीं गाड्या निंबाखालीं न लागतां भाऊंच्या बांधावर लागल्या. आम्ही शाळा सुटल्यावर जात असूं. आमची वेंचणी इतकी मंद कीं शेजारच्या ओळींतील बाया पुढें जाऊन परत येतांना आम्हांस भेटत. दूधवाल्या भाऊंनीं कापूस वाहून नेला. वहींत यांतलें कांहींच लिहिलेलें नाहीं.

आगारकाकांनीं आम्हांस बोल लाविला नाहीं. त्यांनीं एवढेंच सांगितलें कीं, आगारांत त्यांच्या हाताखालीं आवळणारा एक असे व पाहणारा दुसरा असे. कारण ज्यानें आवळलें त्याच्या डोळ्यांना तें आवळलेलेंच दिसतें. त्या दिवसापासून निंबाखालीं एक नियम आहे, आणि नियम म्हणण्याजोगा तो एकच. चाक, ब्रेक किंवा हँडल यांचें काम झालें तर ज्यानें तें केलें त्याखेरीज दुसऱ्या कोणीं तरी प्रत्येक नट व प्रत्येक पिन हातानें चांचपून पाहिल्याशिवाय गाडी जागची हलवावयाची नाहीं. काढलेले भाग पायरीवर न ठेवितां ताटलींत ठेवावयाचे. ताटली रिकामी झाली तरच काम झालें. आणि रात्रीं, एकट्यानें, घाईंत ब्रेकचें काम करावयाचें नाहीं. त्यापेक्षां आपली गाडी किल्लीसह त्याच्या हवालीं करावी. त्या संध्याकाळीं आमची गाडी दारांतच उभी होती. ती देण्याचें आम्हांस सुचलें नाहीं; आपण दुरुस्त करूं शकतों या अभिमानानें तें सुचूं दिलें नाहीं.

हल्लीं सावडीपुढें नवी अडचण उभी राहिली आहे. १ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांस भारत स्टेज सहा हे धुराविषयींचे कडक नियम लागू झाले. ते आवश्यकच होते. त्यामुळें बहुतेक नव्या मोटारसायकलींतून कार्बोरेटर गेला, व त्याच्या जागीं लहानशा संगणकाच्या हुकमानें मोजून मापून पेट्रोल फवारणारी योजना आली. आतां बिघाड झाला तर गाडीवरील एक दिवा लुकलुकतो, आणि तो काय म्हणतो हें समजण्यास निराळें यंत्र लागतें. जीभ पाहून निदान करणाऱ्या वैद्यासमोर रोग्यानें बंद लखोटा ठेवावा तसें हें झालें आहे. ग्राहकांस व छोट्या कारागिरांस दुरुस्तीची माहिती व सुटे भाग मिळावेत असा विचार जगांत अन्यत्रही चालू आहे. आपल्या केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानें २०२२ सालीं याकरितां एक समिति नेमली, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत दुरुस्तीच्या हक्काविषयीं एक संकेतस्थळ उघडलें. शेतीचीं अवजारें, घरगुती उपकरणें व भ्रमणध्वनी यांबरोबर वाहनांचाही त्यांत समावेश आहे. सातबारा मालकाच्या नांवें आणि विहिरीची किल्ली दुसऱ्याकडे, अशी स्थिति शेतकरी सहन करणार नाहीं. गाडीच्या बाबतींत ती आपण कां सहन करावी, हें आम्हांस कळत नाहीं. आमचा मिस्त्री मात्र तक्रार करीत बसला नाहीं. त्यानें दिव्याची भाषा वाचणारें एक यंत्र विकत घेतलें. रविवारीं तो तें आणतो, आणि ताई त्याच्याजवळ बसून त्यावरील आंकड्यांचा अर्थ एका निराळ्या वहींत उतरून घेतात.

भ्रमणध्वनीवर चित्रफिती पाहून मुलें पुष्कळ शिकतात, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु चित्रफीत तुमचा नट चांचपून पाहत नाहीं.

वडिलांची येझदी अजून आहे. ती वर्षांतून थोडेच दिवस निघते. भाऊ आतां नवी गाडी चालवितात. खांदा पावसाळ्यांत दुखतो, असें ते विचारल्यास सांगतात, न विचारल्यास सांगत नाहींत. ते रविवारीं येतात. त्यांच्या मागल्या चाकाचें काम निघालें तर ते स्वतः आवळतात आणि तपासावयास आम्हांसच बोलावितात.

गेल्या पावसाळ्यांत त्यांनीं चाक काढिलें होतें. चिखलानें हात भरलेले असल्यामुळें आम्ही नळावर गेलों होतों. परत येऊन पाहतों तों आमची कन्या, जी आतां दहावींत आहे, गाडीमागें उकिडवी बसून बोटानें तो नट चांचपीत होती. ताटली रिकामी होती. "भाऊकाका, पिन घातली आहे," ती म्हणाली, "पण ही तीच जुनी आहे. एकदां पाय वांकविलेली पिन पुन्हां वांकविली तर मोडते." भाऊंनीं पक्कड घेऊन ती निमूटपणें ओढून काढिली. आम्हीं पेटींतून नवी काढून दिली व वही उघडली. वडिलांच्या अक्षराखालीं आमच्या अक्षराचीं बरींच पानें झालीं आहेत, त्यांत एक ओळ कन्येनें लिहिली: "पिन, एक. परत यावयाची नाहीं."